पाचामुखी परमेश्वर आणि सहाव्याचे मौन

लहान गटातील नेतृत्व, संवाद आणि निर्णयप्रक्रिया

ज्येष्ठ वद्य पक्षात देहूहून संत तुकाराम महाराजांची पालखी पंढरपूरकडे निघते, तेव्हा तिचा एक मुक्काम आपल्या आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. कारखान्यांच्या भोंग्यांना सरावलेली ही वसाहत त्या दिवशी टाळमृदंगाच्या नादाने भरून जाते. त्याच दिवसांत आळंदीहून संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखीही मार्गस्थ होते. या पालखीच्या तळावर सायंकाळी समाजआरती होते. तिची एक प्रथा आम्हांला नेहमीच विचार करायला लावते. सर्व दिंड्या जमल्या की चोपदार आपला चोप उंचावतो आणि क्षणार्धात सारा टाळघोष थांबतो. मात्र एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातो, तिचे म्हणणे ऐकून घेतो, मार्ग काढला जातो आणि त्यानंतरच आरती होते.

लाखो माणसांच्या समुदायात एका लहानशा दिंडीचे गाऱ्हाणे ऐकण्यासाठी सर्वांनी थांबायचे, ही व्यवस्था ज्यांनी घालून दिली त्यांना माणसांच्या समूहाची उत्तम जाण असली पाहिजे. आता आपण स्वतःला एक प्रश्न विचारू या. आपल्या दहा-बारा जणांच्या सभेत असा टाळ वाजवीत राहण्याची सोय आहे काय?

आपल्यापैकी प्रत्येकजण कोणत्या ना कोणत्या लहान गटाचा सदस्य असतो. गृहनिर्माण संस्थेची कार्यकारिणी, महिलांचा बचत गट, कारखान्यातील क्वालिटी सर्कल, शाळेची पालक समिती, धर्मग्रामाचे सल्लागार मंडळ, गायनवृंद, वस्तीतील लहान ख्रिस्ती समूह, हे सारे लहान गटच होत. आपल्या जीवनावर थेट परिणाम करणारे कितीतरी निर्णय अशा गटांत घेतले जातात. पाण्याचा टँकर कधी मागवायचा, कोणाला कर्ज द्यायचे, कोणाच्या मुलीची फी भरायची, यांचा निर्णय दिल्लीत होत नाही. तो सतरंजीवर किंवा प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली दहा माणसे करतात. म्हणून ही दहा माणसे एकमेकांशी कशी बोलतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

आमचा एक धडा

प्रारंभी आमच्याच एका चुकीची कबुली देतो. काही वर्षांपूर्वी याच औद्योगिक पट्ट्यात आम्ही सेवेत होतो. दहावीला बसणाऱ्या कामगारांच्या मुलांसाठी एक अभ्यासिका सुरू करावी, असा विचार पुढे आला. नऊ जणांची समिती नेमली. पहिल्याच सभेत आम्ही प्रास्ताविक केले आणि त्याच ओघात म्हणालो, "आमच्या मते सायंकाळी सात ते नऊ ही वेळ उत्तम. शिक्षकांनाही सोयीची आहे." एकाने सूचना मांडली, दुसऱ्याने अनुमोदन दिले आणि इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' असे लिहिले गेले. सारे काम वीस मिनिटांत झाले. एवढ्या एकदिलाने काम करणारी समिती लाभली, याचा आम्हांला अभिमान वाटला.

जून महिन्यात चौदा मुली येत होत्या. दिवाळीपर्यंत तीनच उरल्या. मुलगे मात्र नियमित येत होते. मार्च महिन्यात कळले की अभ्यासिका सोडलेल्या मुलींपैकी दोघी परीक्षेलाच बसल्या नाहीत. समितीत एक भगिनी होत्या. कारखान्याच्या उपाहारगृहात पोळ्या लाटून संसार चालविणाऱ्या त्या बाई सभेत कधी फारशा बोलत नसत. आम्ही त्यांना कारण विचारले. त्यांनी सांगितले की वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवे नाहीत, वाटेत दारूचे दुकान आहे आणि अंधार पडल्यावर त्या रस्त्याने कोणीही आपली मुलगी पाठवीत नाही.

"हे तुम्हांला आधीपासून ठाऊक होते?"

"ठाऊक होतं, फादर. पण तुम्ही वेळ आधीच सांगून टाकली होती. मग मी काय बोलणार?"

त्या सभेत नऊ जण होते. निर्णयासाठी अत्यावश्यक असलेली माहिती त्यांपैकी एकीजवळच होती. ती माहिती सभेत येण्यापूर्वीच सभा संपली होती आणि ती संपविणारे आम्हीच होतो. त्या दिवसापासून या विषयाचा आम्ही जरा गांभीर्याने अभ्यास केला. त्यातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गट लहान का असावा?

प्रथम संख्येचा विचार करू. पाच माणसांच्या गटात दोघा-दोघांमधील नाती दहा असतात. दहा माणसांत ती पंचेचाळीस होतात, वीस माणसांत तर १९०. माणसे दुप्पट झाली की सांभाळायची नाती चौपटीहून अधिक होतात. म्हणूनच मोठ्या सभेत बोलणारे मोजकेच राहतात आणि इतर श्रोते होतात.

संख्या वाढली की जबाबदारीही पातळ होते. मॅक्सिमिलियन रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांची ताकद मोजली होती. त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ जण एकत्र दोर ओढू लागले, तेव्हा प्रत्येकाचा वाटा त्याच्या एकट्याच्या ताकदीच्या सुमारे निम्म्यावर आला होता. दोर ओढण्यात मेळ न जमणे हे त्याचे एक कारण होते. 'इतर ओढताहेतच' ही भावना हे दुसरे. ज्या सभेत सगळे जबाबदार असतात, तेथे कित्येकदा कोणीच जबाबदार नसतो, हा आपलाही अनुभव आहे.

बचत गटांच्या चळवळीने ही गोष्ट नेमकी हेरली. १९९२ मध्ये नाबार्डने पाचशे गटांना बँकांशी जोडण्याचा पथदर्शी प्रकल्प हाती घेतला. आज देशभर पसरलेल्या या गटांत साधारणतः दहा ते वीस महिला असतात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही त्यांची पंचसूत्री होय. या सूत्रांत बैठकीला पहिले स्थान आहे, पैशाला नाही. दर बैठकीत सर्वांसमक्ष वही उघडली जाते आणि कोणाचे किती आले, कोणाचे राहिले, हे सर्वांना कळते. माहिती सर्वांपुढे असली की अध्यक्षाची मनमानी चालत नाही. ज्या गटाची वही एकाच घरात कुलूपबंद असते, तो गट मोडण्याच्या वाटेवर आहे, असे खुशाल समजावे.

नेत्याच्या तीन तऱ्हा

गटाला नेता हवाच. पण तो कसा असावा? या प्रश्नाचा प्रयोगाने शोध घेणाऱ्यांत कुर्ट लेविन यांचे नाव अग्रस्थानी आहे. जर्मनी सोडून अमेरिकेत आलेल्या या मानसशास्त्रज्ञाने आपले सहकारी लिपिट व व्हाइट यांच्यासह आयोवा विद्यापीठात दहा-अकरा वर्षांच्या मुलांची छोटी मंडळे तयार केली. त्यांचा शोधनिबंध १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मंडळांचा प्रमुख हुकूम सोडणारा होता. काहींचा मुलांशी विचारविनिमय करून काम ठरविणारा होता. काहींचा प्रमुख मुलांना त्यांच्या मर्जीवर सोडून स्वस्थ बसणारा होता.

हुकूमशाही मंडळात काम पुष्कळ झाले, पण प्रमुखाची पाठ फिरताच ते ढेपाळले. काही मुले दबून गेली, काही आपसांत भांडू लागली. विचारविनिमय करणाऱ्या मंडळात प्रमुख बाहेर गेला तरी मुले काम करीतच राहिली, कारण ते काम त्यांना आपले वाटत होते. मोकाट सोडलेल्या मंडळात काम सर्वांत कमी झाले.

हा तिसरा प्रकार विसरून चालणार नाही. 'तुम्हीच ठरवा' असे म्हणून अंग काढून घेणे याला काहीजण लोकशाही समजतात. ती जबाबदारीची टाळाटाळ असते. विषय नीट मांडणे, सभा वेळेवर सुरू करणे व संपविणे, भरकटलेली चर्चा वळणावर आणणे, ठरलेले काम कोणी करायचे ते स्पष्ट करणे, ही नेत्याची कामे आहेत. त्यांखेरीज आणखी एक काम आहे, जे आम्ही त्या सभेत केले नाही. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे आहे पण बोलण्याचे धैर्य नाही, त्याला बोलते करणे.

सहावा माणूस गप्प का बसतो?

'मौनं संमतिलक्षणम्' असे आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात मौनाची कारणे अनेक असतात. कोणाला भीती वाटते, कोणाला संकोच होतो. कोणाला वाटते की आपले शिक्षण कमी. कोणाला पाळी संपवून आल्यामुळे झोप आलेली असते. कोणी मागच्या सभेत बोलून पाहिलेले असते आणि त्याची टर उडविली गेलेली असते.

याहून सूक्ष्म कारण सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५१ पासूनच्या प्रयोगांनी उघड केले. एका खोलीत काही तरुण बसविले. समोरच्या रेषेइतकी लांब रेषा तीन रेषांमधून ओळखायची, एवढेच काम. उत्तर स्वच्छ दिसत होते. पण खोलीतील एक सोडून बाकी सारे प्रयोगकर्त्याला सामील होते आणि ठरवून चुकीचे उत्तर देत होते. त्या एकट्या माणसाने सुमारे एक तृतीयांश वेळा डोळ्यांना दिसणारे नाकारून बहुमताची री ओढली. चौघांपैकी तिघे निदान एकदा तरी वाहून गेले. मात्र दुसऱ्या एका माणसाने खरे उत्तर दिले की हे वाहून जाणे एकदम कमी झाले. सत्य बोलण्यासाठी माणसाला बहुमत लागत नाही. एक सोबती पुरतो.

जेथे नुसती रेषा मोजायची होती, तेथे ही स्थिती. मग जेथे समोर साहेब, अध्यक्ष किंवा धर्मगुरू बसलेला असतो, तेथे काय होत असेल?

त्यात आणखी एक अडचण असते. १९८५ मध्ये स्टासर आणि टायटस या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या लहान गटांना निवडणुकीतील उमेदवार निवडायला सांगितले. काही माहिती सर्वांना दिली होती, काही माहिती एकेकट्याजवळच होती. सर्व तुकडे जुळविले असते, तर सर्वोत्तम उमेदवार कोण हे कळले असते. पण गटांनी बहुतेक वेळ सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवर बोलण्यात घालविला आणि अनेक गटांची निवड चुकली. जे सर्वांना माहीत असते, त्यावर माना डोलतात. जे एकालाच माहीत असते, ते सांगताना त्याला एकटे वाटते. आमच्या सभेतही शिक्षकांची सोय, वीजबिल, खोलीची किल्ली या सर्वपरिचित गोष्टींवर भरपूर बोलणे झाले होते. अंधारा रस्ता एकीलाच माहीत होता.

संदेश कोणाकडून कोणाकडे जातो, यालाही महत्त्व आहे. हॅरॉल्ड लेविट यांनी १९५१ मध्ये पाच-पाच जणांच्या गटांवर याचा अभ्यास केला. काही गटांत सर्व निरोप मध्यभागी बसलेल्या एकाकडेच जात, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे. काही गटांत ते वर्तुळाकार फिरत. चाकाच्या रचनेत काम झटपट झाले, पण समाधानी होता तो मुख्यतः मधला माणूस. वर्तुळात वेळ अधिक गेला, चुकाही झाल्या. परंतु त्या चुका दुरुस्त होत गेल्या आणि माणसे कामात रमली. पुढील संशोधनात असेही दिसले की साध्या कामाला चाक बरे, गुंतागुंतीच्या कामाला मोकळा संवाद बरा. सहलीच्या बसची वेळ कळविण्यासाठी एका माणसाने सर्वांना निरोप देणे योग्यच आहे. एखाद्या कुटुंबातील कलह मिटवायचा असेल, तर मात्र सर्वांनी एकमेकांसमोर बसलेच पाहिजे. आजच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतही निरोप झटपट पोहोचतो, पण अंगठ्याच्या चित्रावरून कोणाची खरी संमती आहे हे कळत नाही.

कारखान्यातील शहाणपण

आमच्या या पट्ट्यातील कामगार बांधवांना हे सारे नवे नाही. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. पुढच्या दशकात बजाज आणि टेल्को यांच्यासारखे मोठे कारखाने येथे रुजले. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील वाहन-उत्पादन २००७ मध्ये थांबले आणि २०२२ मध्ये त्याच आवारात विजेवर चालणाऱ्या चेतकसाठी नवा कारखाना उभा राहिला. या दीर्घ प्रवासात या परिसरातील अनेक कारखान्यांत एक पद्धत रुळली, ती म्हणजे क्वालिटी सर्कल.

तिचा उगम १९६२ मध्ये जपानमध्ये झाला. काओरू इशिकावा हे तिचे प्रमुख प्रवर्तक होत. भारतात १९८०च्या सुमारास हैदराबादच्या भेल कारखान्यात तिचा प्रारंभ झाला आणि १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. एकाच विभागात काम करणारे सहा ते बारा कामगार स्वेच्छेने एकत्र येतात. साधारणतः आठवड्यातून एकदा तासभर बसतात, आपल्याच कामातील एखादी अडचण निवडतात, आकडे गोळा करतात, कारणे शोधतात, उपाय करून पाहतात आणि मग ते व्यवस्थापनापुढे मांडतात.

या पद्धतीचा पाया असा की यंत्राजवळ आठ तास उभा राहणारा माणूस त्या यंत्राविषयी असे काही जाणतो, जे कार्यालयातील अभियंत्याला ठाऊक नसते. म्हणून कारणे शोधताना प्रत्येकाला पाळीपाळीने विचारले जाते. ज्याला काही सुचत नसेल त्याने 'पास' म्हणावे, पण त्याची पाळी चुकवायची नाही. सर्व कारणे फळ्यावर माशाच्या काट्यासारख्या आकृतीत लिहिली जातात आणि लिहून होईपर्यंत कोणत्याही कारणाला हसायचे नसते. फळ्यावर गेलेले कारण कोणाचे होते, हे पुढे महत्त्वाचे राहत नाही. हेल्परने सुचविलेले आणि सुपरवायझरने सुचविलेले कारण एकाच रांगेत बसते आणि दोन्ही आकड्यांच्या कसोटीवर तपासली जातात.

आम्हांला याचे नवल वाटते की दिवसा क्वालिटी सर्कलमध्ये धीटपणे बोलणारा कामगार सायंकाळी सोसायटीच्या किंवा धर्मग्रामाच्या सभेत मान खाली घालून बसतो. माणूस तोच असतो. सभेची रीत बदललेली असते.

निर्णय कसा घ्यावा?

चर्चेनंतर निर्णयाची वेळ येते. बहुमत हा परिचित मार्ग. तो जलद आहे, पण नऊपैकी पाच जिंकले तर चौघे हरतात आणि काम मात्र नऊ जणांनी मिळून करायचे असते. दुसरा मार्ग सर्वसहमतीचा. 'हे प्रत्यक्षात शक्य नाही', असे अनेकांना वाटते. त्यांच्यासाठी आपल्याच राज्याच्या पूर्व टोकाचे एक उदाहरण देतो.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' या त्यांच्या घोषणेमुळे ते सर्वत्र परिचित झाले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या वाटचालीशी जोडलेली आहेत. वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतःच्या अधिकारात बांबू विकू लागली.

यामागे निर्णय घेण्याची एक शिस्त आहे. गावात अभ्यासगट आहेत. तेथे काही माणसे बसून एखादा विषय समजून घेतात, कायदा वाचतात, बाहेरच्या जाणकारांना प्रश्न विचारतात. अभ्यासगट निर्णय मात्र घेत नाही. निर्णय ग्रामसभा घेते आणि तोही सर्वसहमतीने. कोणाचा विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो, पुन्हा चर्चा होते. वेळ लागतो. पण ठरलेल्या गोष्टीला नंतर आतून सुरुंग लावणारा कोणी उरत नाही. समजून घेण्याची जागा वेगळी आणि ठरविण्याची वेगळी, ही मेंढ्याची शिकवण प्रत्येक समितीने घ्यावी अशी आहे. आपण बहुधा विषय कळण्याच्या आतच हात वर करतो.

सहमती आणि मूक होकार यांतील भेद मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेत चॅलेंजर अंतराळयानाच्या उड्डाणाविषयी दूरध्वनीवरून बैठक झाली. कडाक्याच्या थंडीत रॉकेटच्या सांध्यांतील रबरी कडी नीट काम करणार नाहीत, असे ती रॉकेटे बनविणाऱ्या कंपनीचे अभियंते सांगत होते. वरून दबाव आल्यावर कंपनीच्या चार व्यवस्थापकांनी आपापसांत मत घेतले आणि उड्डाणास संमती कळविली. त्या अखेरच्या मतदानात अभियंत्यांना विचारलेच गेले नाही. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान कोसळले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. ज्यांना ठाऊक होते ते एका बाजूला आणि ज्यांनी ठरविले ते दुसऱ्या बाजूला राहिले.

विरोधी मताची ही गरज ख्रिस्तसभेने फार पूर्वी ओळखली होती. एखाद्या व्यक्तीला संतपद देण्यापूर्वी तिच्याविरुद्धचे सर्व आक्षेप मांडण्यासाठी एक अधिकारी नेमला जाई. १५८७ मध्ये पोप सिक्स्टस पाचवे यांनी या पदाची रीतसर स्थापना केली आणि १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या प्रक्रियेचे स्वरूप बदलले. लोक या अधिकाऱ्याला गमतीने 'सैतानाचा वकील' म्हणत. तो काही संतांचा वैरी नव्हता. आक्षेप घेणे हे त्याचे कर्तव्यच ठरविल्यामुळे त्याला आक्षेप घेण्याची भीती उरत नसे. त्याहून कितीतरी आधी, सहाव्या शतकात, संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठाच्या नियमावलीत असे सांगून ठेवले की महत्त्वाच्या प्रसंगी मठाधिपतीने सर्व बंधूंना पाचारण करावे आणि सर्वांचे ऐकावे, कारण अधिक योग्य मार्ग प्रभू अनेकदा वयाने लहान असणाऱ्याला दाखवितो. अखेरचा निर्णय मठाधिपतीचाच. पण तो ऐकून झाल्यानंतरचा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये रोममधील सिनडमध्ये हाच विचार नव्या रूपात दिसला. कार्डिनल, बिशप, धर्मभगिनी आणि प्रापंचिक गोल मेजांभोवती दहा-बारा जणांच्या गटांत बसले. सिनडमध्ये प्रथमच स्त्रियांना मताधिकार मिळाला होता. आधी प्रत्येकाने पाळीने बोलायचे, मग काही वेळ मौन पाळायचे. दुसऱ्या फेरीत आपले मत पुन्हा रेटायचे नाही, तर इतरांचे ऐकून मनाला काय भिडले ते सांगायचे. चर्चा आणि निष्कर्ष त्यानंतर. गोल मेजाला अग्रस्थान नसते, ही साधी गोष्टही बरेच काही सांगून जाते.

काही व्यवहार्य सूचना

वरील सर्व विवेचनातून आपल्या सभांसाठी काही नियम निघतात. ते अवघड नाहीत.

१. सभेचा विषय दोन-तीन दिवस आधी कळवावा, म्हणजे विचार करायला व इतरांना विचारायला अवधी मिळतो.

२. अध्यक्षाने आपले मत सर्वांत शेवटी सांगावे. त्याने प्रश्न मांडावा, उत्तर नव्हे.

३. पहिली फेरी पाळीपाळीने व्हावी. सर्वांत नव्या किंवा सर्वांत कमी बोलणाऱ्या सदस्यापासून प्रारंभ करावा. कोणाचेही बोलणे मध्येच तोडू नये.

४. 'कोणाची हरकत आहे का?' असे विचारू नये. त्यावर बहुधा शांतताच मिळते. 'या योजनेत कोणाला अडचण येईल आणि कशी?' असे विचारावे.

५. मोठ्या निर्णयाच्या वेळी एका सदस्याला आक्षेप शोधण्याचे काम सोपवावे. दर वेळी निराळी व्यक्ती असावी, म्हणजे कोणी एक 'विरोधक' ठरत नाही.

६. निर्णयाचा परिणाम ज्यांच्यावर होणार, त्यांच्यापैकी कोणीतरी सभेत असावे. मुलींच्या अभ्यासिकेची वेळ ठरविताना आम्ही एकाही मुलीला विचारले नव्हते.

७. इतिवृत्तात निर्णयाबरोबर वेगळे मतही नोंदवावे. काय, कोणी व केव्हापर्यंत करायचे हे लिहावे आणि तीन महिन्यांनी निर्णयाचा फेरविचार करावा.

येथे एक शंका घेतली जाईल. प्रत्येक गोष्टीत एवढा काथ्याकूट करीत बसायचे काय? मुळीच नाही. आग लागली असता सभा बोलवायची नसते, ज्याला बंब कसा चालवायचा ते कळते त्याने हुकूम द्यावा आणि इतरांनी ऐकावे. चहाला साखर किती, हेही एकाने ठरविलेले बरे. पण ज्या निर्णयाची झळ इतरांच्या जीवनाला लागणार आहे आणि जो अमलात आणण्यासाठी सर्वांचे हात लागणार आहेत, त्याला वेळ दिलाच पाहिजे. आम्ही त्या सभेत चाळीस मिनिटे वाचविली होती. त्यांची किंमत मुलींनी मोजली.

अभ्यासिकेचे पुढे काय झाले, हे सांगून हा लेख पूर्ण करतो. पुढील वर्षी समिती पुन्हा बसली. या वेळी आम्ही प्रश्न मांडला आणि गप्प राहिलो. ते गप्प राहणे आम्हांला बरेच जड गेले. उपाहारगृहात काम करणाऱ्या त्या भगिनींपासून फेरी सुरू झाली. त्यांनी सुचविले की अभ्यासिका सकाळी सहा ते साडेसात भरवावी. पहिल्या पाळीला निघालेल्या बायका त्याच रस्त्याने जातात, मुली त्यांच्याबरोबर येतील आणि तिथूनच शाळेत जातील. हे आम्हां कोणालाच सुचले नसते. त्या वर्षी दिवाळीनंतरही बारा मुली येत होत्या.

परीक्षेला न बसलेल्या त्या दोघींपैकी एक परत आली आणि उत्तीर्ण झाली. दुसरीचे तोवर लग्न झाले होते.

'पाचामुखी परमेश्वर' असे आपले पूर्वज सांगत आले. आमची विनंती एवढीच की पुढच्या सभेत पाच जण बोलून झाल्यावर सहाव्याकडे वळून पाहा. त्याचा टाळ अजून वाजत असेल, तर आरती थोडी थांबू द्या.